किनारा बंद होतो तेव्हा : समुद्रसिंह, पाकट आणि कासवे

अमेरिकेतील सॅन डिएगो शहराच्या परिषदेने सप्टेंबर २०२३ मध्ये ‘पॉइंट ला होया’ या खडकाळ किनाऱ्यावर नागरिकांना वर्षभर प्रवेशबंदी करण्यास मान्यता दिली. त्यापूर्वी २०२२ पासून ही बंदी १ मे ते ३१ ऑक्टोबर या काळापुरती होती. समुद्रसिंह मोठ्या संख्येने या खडकांवर विश्रांतीसाठी येतात, उन्हाळ्याच्या आरंभी तेथेच त्यांची पिले जन्माला येतात, आणि छायाचित्रांसाठी धडपडणारी पर्यटकांची गर्दी त्या पिलांच्या अगदी जवळ जाऊ लागली होती. शहराच्या भर वस्तीतील एक लोकप्रिय किनारा माणसांसाठी बंद करण्यामागे एवढेच कारण होते.

भारताच्या किनाऱ्यावर समुद्रसिंहांची वस्ती नाही. तथापि सागरी जीवांमुळे पाण्यात उतरण्यावर किंवा वाळूवर वावरण्यावर बंधने येण्याचे प्रकार महाराष्ट्र आणि गोव्यालाही नवे नाहीत. गणेश विसर्जनाच्या वेळी मुंबईच्या चौपाट्यांवर पाकटांविषयी सूचना दिल्या जातात, पावसाळ्यात ब्लू बॉटलच्या दंशाच्या बातम्या येतात, कासवांच्या विणीच्या हंगामात वेळास किंवा मोरजीच्या वाळूवर कुंपण उभे राहते. मालवणच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंगसाठी येणाऱ्या पर्यटकाला तर ‘कधी उतरता येईल’ हाच पहिला प्रश्न पडतो.

जयपूर, इंदूर किंवा नागपूरहून सुटीसाठी कोकणात येणाऱ्या कुटुंबाला ही बंधने बहुधा किनाऱ्यावर पोहोचल्यानंतरच कळतात आणि मग ती मनमानी वाटतात. जंगलाच्या बाबतीत असे होत नाही. जयपूर शहराला लागूनच असलेल्या झालाना वनात बिबट्यांचा वावर आहे. तेथे जाणारा पर्यटक प्रवेशद्वारातून, ठरलेल्या वेळी, वन विभागाच्या परवानगीने आणि जीपमध्ये बसूनच आत जातो. वाटेत खाली उतरायचे नाही, हे त्याला सांगावे लागत नाही. समुद्रकिनाऱ्याला असे दार नसते. वाळू सर्वांची आहे आणि पाणीही सर्वांचे आहे, ही भावना आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. त्यामुळे तेथे आखलेली प्रत्येक रेषा वादग्रस्त ठरते. मग ही रेषा नेमकी कोणाच्या रक्षणासाठी आखली जाते आणि तिची किंमत कोण मोजतो?

ला होयाचा वाद

समुद्रसिंह आणि सील हे एकाच गटातले सस्तन प्राणी असले, तरी त्यांच्यातील फरक सहज ओळखता येतो. समुद्रसिंहाला बाहेरून दिसणारे लहान कान असतात आणि तो पुढच्या परांवर शरीर उचलून जमिनीवर बऱ्यापैकी वेगाने चालू शकतो. सील मात्र पोटावर सरपटत जातो. खडकावर निवांत पहुडलेला समुद्रसिंह सुस्त वाटतो; पण नर शंभर किलोंहून कितीतरी अधिक वजनाचा असतो, विणीच्या काळात आपल्या हद्दीचे रक्षण करतो आणि प्रसंगी चावतो.

एकेकाळी कातडी व चरबीसाठी या प्राण्यांची मोठी शिकार झाली. अमेरिकेने १९७२ मध्ये सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यानुसार या प्राण्यांना मारणे तर सोडाच, त्यांना त्रास देणे, हुसकावणे किंवा त्यांचे नैसर्गिक वर्तन बिघडेल इतके जवळ जाणे हाही गुन्हा ठरला. पुढील चार दशकांत कॅलिफोर्नियातील समुद्रसिंहांची संख्या अडीच लाखांच्या घरात पोहोचली. संरक्षण यशस्वी झाले आणि नेमके त्यामुळेच शहरांच्या किनाऱ्यांवर जागेचा प्रश्न उभा राहिला. (भारताचा वन्यजीव संरक्षण कायदाही १९७२ चाच आहे. बिबट्या आणि समुद्री कासव या दोघांनाही त्याचे संरक्षण लाभले आहे.)

ला होया हे किनाऱ्यावरून थेट पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांचे आणि लांब पल्ल्याच्या जलतरणपटूंचे जुने आवडते ठिकाण आहे. बोटीची गरज नाही. पायऱ्या उतरायच्या आणि समुद्री शैवालाच्या वनात शिरायचे. लाट किती, पाण्यात किती दूरचे दिसते, तळाची वाळू किती ढवळली आहे, एवढे पाहून उतरण्याचा निर्णय घेतला जाई. समुद्रसिंहांची संख्या वाढल्यानंतर त्यात आणखी काही गोष्टींची भर पडली. पायऱ्यांवर नर बसला आहे काय? पाण्यातील जिवाणूंचे प्रमाण किती? शिवाय दुर्गंधीचा प्रश्न होताच. खडकांवर साचलेल्या विष्ठेमुळे व्यवसायावर परिणाम होतो, असा दावा स्थानिक हॉटेल व्यावसायिकांच्या बाजूने २०१३ मध्ये शहराविरुद्ध दाखल झाला. अपील न्यायालयाने २०१७ मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला. वन्य प्राण्यांच्या नैसर्गिक वर्तनातून आलेल्या वासाची जबाबदारी शहरावर टाकता येणार नाही, असा त्याचा आशय होता.

बंदीचा निर्णय घेताना परिषदेने एक गोष्ट मात्र सांभाळली. खडकांचा भाग बंद झाला. त्याला लागून असलेली ला होया कोव्ह ही छोटी पुळण जलतरणपटू आणि पाणबुड्यांसाठी खुली राहिली. ज्यांचा त्या पाण्याशी रोजचा संबंध होता, त्यांचा मार्ग पूर्णपणे तोडला गेला नाही. त्याच परिसरातील ‘चिल्ड्रन्स पूल’चा इतिहास अधिक कटू आहे. लाटांपासून सुरक्षित राहून मुलांना डुंबता यावे, यासाठी १९३१ मध्ये एका दानशूर महिलेच्या देणगीतून तेथे भिंत बांधण्यात आली. भिंतीआडचे शांत पाणी पुढे सीलांनाही मानवले. १९९० च्या दशकात त्यांनी तेथे ठाण मांडले, पाण्याची प्रत खालावली आणि ‘मुले की सील’ असा वाद न्यायालयांत वर्षानुवर्षे चालला. अखेर २०१४ पासून दरवर्षी १५ डिसेंबर ते १५ मे या विणीच्या काळात तेथील वाळू माणसांसाठी बंद ठेवली जाऊ लागली.

येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, या दोन्ही बंदी मुख्यतः प्राण्यांच्या रक्षणासाठी आहेत. माणसांवरील हल्ले हे त्यांचे मूळ कारण नव्हे. हल्ल्यांचा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. एका सूक्ष्म शैवालाची समुद्रात बेसुमार वाढ झाली की डोमोइक आम्ल नावाचे विष तयार होते. हे शैवाल लहान मासे खातात आणि ते मासे समुद्रसिंह खातात. विषाचा परिणाम मेंदूवर होऊन प्राण्याला झटके येतात, दिशाभान सुटते आणि एरवी माणसाला टाळणारा प्राणी अंगावर येऊ शकतो. दक्षिण कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ च्या वसंत ऋतूत असे आजारी समुद्रसिंह मोठ्या संख्येने किनाऱ्याला लागले. २०२५ मध्ये लाटांवर फळी चालवणाऱ्यांना चावे घेतल्याच्याही घटना घडल्या.

गिरगावची १० सप्टेंबर २०१३ ची संध्याकाळ

मुंबईत या प्रश्नाची दुसरी बाजू दिसली. २०१३ मध्ये ९ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. दुसऱ्या दिवशी दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनासाठी गिरगाव चौपाटीवर नेहमीप्रमाणे गर्दी झाली आणि गुडघाभर पाण्यात उतरलेल्या भाविकांच्या पायांना एकामागून एक दंश होऊ लागले. पन्नासहून अधिक जणांना उपचार घ्यावे लागले. सुरुवातीला जेलीफिशचा संशय व्यक्त झाला. नंतर हे पाकट असल्याचे निष्पन्न झाले.

कोळी बांधवांना पाकट नवे नाही. चपट्या शरीराचा हा मासा तळाच्या वाळूत किंवा चिखलात अंग अर्धवट पुरून घेतो. त्याच्या चाबकासारख्या शेपटीवर करवतीसारखे दाते असलेला काटा असतो आणि काट्याच्या आवरणात विष असते. तो माणसाचा पाठलाग करीत नाही. अंगावर पाय पडला की शेपूट वर उसळते आणि काटा घोट्यात किंवा पोटरीत शिरतो. पावसाळ्यात चौपाटीजवळचे पाणी इतके गढूळ असते की, पायाखाली काय आहे हे दिसण्याची शक्यताच नसते. त्यात शेकडो अनवाणी पाय एकाच वेळी त्या उथळ पाण्यात पडतात. ऑस्ट्रेलियातील प्रसिद्ध वन्यजीव चित्रपटकार स्टीव्ह आयर्विन यांचा सप्टेंबर २००६ मध्ये पाकटाचा काटा छातीत घुसून मृत्यू झाला, तेव्हा हा प्राणी जगभर चर्चेत आला. मात्र असे मृत्यू अत्यंत विरळ आहेत. पायाला झालेला दंश बहुधा जीवघेणा नसतो; वेदना मात्र असह्य असतात.

उपचाराचे तत्त्व सोपे आहे. हे विष प्रथिनांचे बनलेले असून ते उष्णतेने निष्प्रभ होते. म्हणून दंश झालेला पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवल्यास वेदना बऱ्याच कमी होतात. त्वचा भाजणार नाही याची काळजी घ्यावी, काट्याचा तुकडा जखमेत राहिला नाही ना हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि धनुर्वाताची लस घ्यावी. छाती किंवा पोटात शिरलेला काटा मात्र कोणीही जागेवर उपसू नये.

या घटनेनंतर चौपाटी बंद झाली नाही, आणि ती होणेही शक्य नव्हते. लाखोंच्या श्रद्धेचा दिवस तिथीने ठरतो. पाकटांचा उथळ पाण्यातील वावर ऋतूने ठरतो, आणि दोन्ही भाद्रपदातच येतात. त्यामुळे बंदीऐवजी सूचनांचा मार्ग पत्करण्यात आला. पाण्यात उतरणाऱ्यांनी गमबूट घालावेत, लहान मुलांना पाण्यात नेऊ नये, विसर्जन शक्यतो जीवरक्षक व प्रशिक्षित स्वयंसेवकांच्या हाती सोपवावे, अशी आवाहने उत्सवाच्या तोंडावर केली जातात. पाय उचलून टाकण्याऐवजी तळावरून घासत पुढे न्यावा, ही जगभर दिली जाणारी सूचनाही उपयुक्त आहे. कारण धक्का लागला की पाकट आधीच बाजूला सरकते. गमबूट घालून गणपती विसर्जित करणे अनेकांना रुचत नाही, हे उघड आहे. परंतु पूर्ण बंदीपेक्षा ही तडजोड कितीतरी सुसह्य म्हटली पाहिजे.

ब्लू बॉटलचा प्रकार याहून वेगळा. निळसर, पारदर्शक फुग्यासारखा दिसणारा हा जीव जेलीफिश म्हणून ओळखला जातो. वास्तविक तो अनेक सूक्ष्म जीवांची एकत्र वसाहत असतो. त्याला स्वतःहून पोहता येत नाही. फुगा शिडाचे काम करतो आणि वारा नेईल तिकडे तो जातो. नैऋत्य मोसमी वारे त्याला पश्चिम किनाऱ्यावर आणून टाकतात. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर असे थवे आले आणि अनेकांना दंश झाले. गोव्यात तर नोव्हेंबर २०२० मध्ये दोनच दिवसांत नव्वदहून अधिक पर्यटकांना जेलीफिशचे दंश झाल्याची नोंद तेथील जीवरक्षक संस्थेने केली. वाळूत मरून पडलेल्या ब्लू बॉटलचे तंतूही डंख मारू शकतात, म्हणून मुलांना तो फुगा हातात घेऊ देऊ नये. दंश झालेल्या जागी वाळू चोळू नये. समुद्राच्याच पाण्याने धुऊन तंतू चिमट्याने काढावेत व नंतर गरम पाण्याचा शेक द्यावा.

कासवांसाठी कुंपण

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास हे गाव या चर्चेत महत्त्वाचे ठरते. कारण तेथे बंधन गावानेच स्वीकारले. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर येतात. पूर्वी ही अंडी कोल्हे-कुत्री तरी खात किंवा माणसे तरी उकरून नेत. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये येथे संरक्षणाचे काम सुरू केले. घरटी शोधायची, अंडी अलगद हलवून कुंपणातील वाळूत तशाच खड्ड्यांत ठेवायची आणि पिले निघाली की समुद्राकडे सोडायची, अशी पद्धत बसवण्यात आली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला.

पिले प्रकाशाच्या दिशेने जातात. रात्रीच्या समुद्रावर पसरलेला मंद उजेड हीच त्यांची वाट असते. किनाऱ्यावर विजेचे दिवे असतील तर ती उलट दिशेने, गावाकडे चालू लागतात. त्यामुळे विजेऱ्या, छायाचित्रणाचे झगमगाट, रात्रीचे फिरणे यांवर निर्बंध येतात. पिले सोडताना दोरीच्या पलीकडे उभे राहावे लागते. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग या किनाऱ्यांवरही कासवांच्या विणीच्या जागा राखल्या जातात आणि तेथील हॉटेल व्यवसायाशी त्याचा खटका उडत राहतो. वेळासमध्ये हा संघर्ष तुलनेने कमी जाणवतो. महोत्सवाला येणारे पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात, तिथेच जेवतात. कासव पाहायला आलेल्या माणसाचा पैसा, कासव राखणाऱ्या माणसाच्या घरात जातो. हा हिशेब ग्रामस्थांना कोणी समजावून सांगावा लागला नाही.

मालवण : हंगाम आणि पाणी

मालवणची गोष्ट याच्या नेमकी उलट घडली. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र, त्यातील खडक व प्रवाळ यांचे जैविक महत्त्व ओळखून सरकारने १९८७ मध्ये सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. पण त्या पाण्यावरच पोट असलेल्या मच्छीमारांना आपली मासेमारी बंद होणार, अशी भीती वाटली. रापण ओढणारे, छोट्या होड्यांतून जाळे टाकणारे हे लोक होते. त्यांचा विरोध दशकानुदशके कायम राहिला आणि अभयारण्याची अंमलबजावणी बरीचशी कागदावरच राहिली. ला होयाच्या जलतरणपटूंना मिळाली तशी ‘हा भाग बंद, हा मार्ग खुला’ अशी स्पष्ट हमी येथे सुरुवातीलाच देता आली असती, तर चित्र वेगळे असते असे म्हणण्यास जागा आहे.

दरम्यान पर्यटन आले. तारकर्लीत स्कूबा प्रशिक्षणाची सरकारी संस्था उभी राहिली आणि मालवण, देवबाग, तारकर्ली ही नावे देशभर पोहोचली. येथील डायव्हिंग ला होयासारखे किनाऱ्यावरून चालत जाऊन करण्याचे नाही. पुळणीला लागून उथळ, वाळूचा तळ आहे. लाटा तो सतत ढवळतात आणि गड व कर्ली नद्यांचा गाळही याच पाण्यात येतो. त्यामुळे पर्यटकांना होडीने खडकाळ भागापर्यंत नेले जाते व प्रशिक्षकाच्या साथीने काही मीटर खोलीवर उतरवले जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाणी त्यातल्या त्यात नितळ असते. मार्चनंतर वारा दुपारी जोर धरतो, म्हणून सकाळची वेळ बरी. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत जलक्रीडा बंद ठेवल्या जातात.

ही बंदी प्राण्यांसाठी नाही, माणसांसाठी आहे, आणि तिची गरज २४ मे २०२२ रोजी सर्वांना दिसली. त्या दिवशी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघांचा मृत्यू झाला. हंगाम संपायला अवघे काही दिवस उरले होते. मोसमी पाऊस पंचांग पाहून येत नाही. समुद्र त्याच्या आधीच फिरलेला असतो. तारखेपेक्षा त्या सकाळची लाट पाहून ‘आज नाही’ म्हणण्याचा अधिकार स्थानिक तांडेलाला असला पाहिजे आणि आगाऊ पैसे भरलेल्या पर्यटकाने तो मानला पाहिजे.

पाण्याखालचे नियम मात्र अजून पुरेसे रुजलेले नाहीत. छायाचित्रात मासे भरपूर दिसावेत म्हणून त्यांना खाऊ टाकला जातो, होड्यांचे नांगर प्रवाळावर पडतात, उथळ पाण्यात उभे राहताना पाय त्यावरच टेकतात. प्रवाळ हा दगड नव्हे. सूक्ष्म जीवांनी वर्षाला काही मिलिमीटर किंवा फार तर काही सेंटिमीटर वाढवलेले ते घर असते. एका टाचेने मोडलेला तुकडा पुन्हा वाढायला अनेक वर्षे लागतात. समुद्रसिंह निदान भुंकतो, अंगावर येतो, आपली हद्द सांगतो. प्रवाळाला ती सोय नाही.

कोकणात येऊ इच्छिणाऱ्यांनी म्हणून काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. जलक्रीडांचा हंगाम सुरू आहे काय, होडीला परवाना आणि प्रत्येकाला जीवरक्षक जॅकेट आहे काय, प्रशिक्षक एका वेळी किती जणांना पाण्यात नेतो, दम्याचा किंवा हृदयविकाराचा त्रास असलेल्यांना उतरू दिले जाते काय. कासवे पाहायची असतील तर फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ योग्य; मात्र त्या सकाळी पिले निघतीलच, असे कोणी सांगू शकत नाही. सप्टेंबरच्या आरंभी जलक्रीडा पुन्हा सुरू होतात, तेव्हा नद्यांचे पावसाळी पाणी अजून समुद्रात मिसळत असते आणि मालवणच्या खडकांवरचे मासे हातभर अंतरावरूनही धूसर दिसतात. दिवाळीनंतर ते स्पष्ट दिसू लागतात.